ब संघ : विजेतेपदांची नोंद

मंडळाच्या खोलीत दोन फळे आहेत.
अ संघाचा दारासमोर, काचेआड, सोनेरी अक्षरांत.
आमचा मागच्या भिंतीला,
जिथे डिझेलचे कॅन लावतात.
तो पुन्हा रंगवायचं काम यंदा माझ्याकडे आलं,
कारण माझं अक्षर बरं आहे
आणि गुडघा गेलेला.

१९७८. पहिलं.
समोर कोर्लईचा ब संघ.
मैदान खाडीला लागून, भरतीला अर्धं ओलं.
नाणेफेक हरलो, ओली बाजू मिळाली.
ओल्यावर उभं राहायला एकदऱ्याच्या पोराला
कोण शिकवणार?
चार गुणांनी. त्या रात्री
बंदरावरची सुरमई कुणी लिलावाला नेली नाही.

१९८३.
शिमगा सरलेला, बोटी पुन्हा बाहेर,
सातातले पाचच किनाऱ्यावर.
पंचांनी विचारलं, खेळता की सोडता?
हसुराम मकू म्हणाला,
'ते दोगं बाद हान, असा धर.'
गुण मिळाला की आपला एक गडी जिवंत होतो,
खेळाचा नियमच तो.
हसुराम गुण आणत राहिला,
वारा वाढत राहिला,
आणि दर गुणाला आम्ही सगळे
एकदा समुद्राकडे बघत होतो.
पाच जणांनी लोण चढवला.
दोघे सकाळी दहाला आले, अंगभर मीठ,
होडीतूनच ओरडले : 'किती?'

विजयाच्या दुसऱ्या दिवशी
अ संघाचे चिटणीस यायचे,
चहा घ्यायचे,
आणि दोन चांगले चढाईपटू घेऊन जायचे.
म्हणून ८४ला आम्ही पहिल्याच फेरीत गेलो.
८५ला संघच उभा राहिला नाही.
तशी रिकामी वर्षं फळ्यावर नसतात,
पण त्यांचीच संख्या जास्त.

१९९१. वीज गेली, शेवटची चढाई बाकी.
अश्फाक उलडेने बापाची जीप आणून
दिवे मैदानावर सोडले.
आमच्या पोराची सावली मध्यरेषेवर आधी पोचली,
पोरगा नंतर.
साळाववाले भांडले.
पंच म्हणाले, सावली खेळाडू नाही.
एका गुणाने.

हसुराम एकोणीस वर्षं ब संघात.
एकदा अ संघाने त्याला बोलावलं, रोह्याला.
तिथे त्याने टॉवेल सांभाळले, पाणी दिलं,
शेवटच्या एस.टी.ने परत आला,
पहाटे सरावाला सगळ्यांच्या आधी हजर.
कसं झालं, कुणी विचारलं नाही.
समोरच्या फळ्यावर तो कुठेच नाही.
आपल्यावर चार वेळा.

२००४.
हे माझं. एवढं एकच.
समोरचा संघ आलाच नाही.
टेम्पो बंद पडला म्हणे, कुणी म्हणे लग्न होतं.
बाबल पंच म्हणाले, जिंकलात, पण लोक बसलेत,
एक चढाई तरी करा.
मी गेलो.
दम धरला, कबड्डी कबड्डी,
रिकाम्या अंगणात डावीकडे लाथ मारली,
बोनस रेषा ओलांडली,
तिथे उभा राहिलो थोडा जास्तच.
कुणीच चवडा धरला नाही.
परतलो तेव्हा टाळ्या पडल्या, हसूही.
फळ्यावर लिहायचं की नाही यावर
दीड तास सभा चालली.
लिहिलं.

२०१७. मॅटवरचं पहिलं.
त्या पोरांची नावं मला नीट माहीत नाहीत,
वहीतून उतरवली.
दोघांना आधीच वर नेलंय.

काल संध्याकाळी हसुराम आला.
कॅन एकेक करून बाजूला सरकवले,
चष्म्याशिवाय वाचलं,
मकूचा कू दीर्घ आहे ना बघितलं,
मग १९८३वर बोट ठेवलं.
पाचच नावं.
'ते दोगं?'
वहीत नाहीत, मी म्हणालो. खेळले नव्हते.
'नुसते बाद व्हते ना.'

ओळीत जागा नव्हती.
अक्षर बारीक करून बसवली.
रंग ओला आहे अजून.
कॅन उद्या लावा.